जागा मिळवताना, जागा सोडताना

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी चाके लावलेला लाकडी नंदी दोरीने ओढत नातू अंगणातून धावत सुटतो, तेव्हा त्याच्यामागे धावणारे पहिले माणूस बहुधा त्याचे आजोबा असतात. आपल्या भंडारा जिल्ह्यात वेगाची ओळख अशी लाकडी बैलापासून होते. पुढे धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, थंडी पडली की मंडई भरतात, शंकरपट रंगतात, आणि जोडी सुटताच पटाच्या दोन्ही कडांना उभी असलेली माणसे श्वास रोखून धरतात. लाखनी, साकोली, लाखांदूरकडच्या गावांतील आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी हा पट जवळून पाहिला असेल, काहींनी धुरकरी म्हणून स्वतः जोडी हाकलीही असेल. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. आता काठी, चाबूक आणि विजेचा झटका यांना मज्जाव करणाऱ्या नियमांच्या चौकटीत पट पुन्हा भरतो आहे.

धुरकऱ्याची जागा कोणालाही मागून मिळत नसे, हे आपण जाणता. जोडीचा मालक घरच्या मुलालाही पारखून घेई. हात हलका हवा, शरीर चपळ हवे, आणि बैल बिथरला तरी मन बिथरता कामा नये. आज तोच नातू चौदा-पंधरा वर्षांचा होतो, मोबाइलच्या पडद्यावर ताशी तीनशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाड्या पाहतो आणि एके दिवशी जेवताना म्हणतो, "आजोबा, मला रेसर व्हायचंय." घरात क्षणभर शांतता पसरते. आजीला महामार्गावरचा अपघात आठवतो, वडिलांना खर्च दिसतो, आणि आजोबांना कदाचित जुना पट आठवतो.

या क्षणी काय बोलावे, हा प्रश्न साधा नाही. म्हणून या लेखात त्या तरुण चालकांच्या जगात थोडे डोकावू. आरोग्याच्या पाक्षिकात शर्यतीचे काय काम, असे आपणांस वाटेल. परंतु शरीराची काळजी, उष्म्याशी सामना, सेवा करणाऱ्यांची शिस्त, आणि जागा मिळणे किंवा सुटणे यांतून मनाला बसणारा हिसका या चारही गोष्टी आपल्या घरातल्याच आहेत.

मोजक्या जागा, अगणित मुले

फॉर्म्युला वन ही मोटार शर्यतींची सर्वोच्च पायरी. २०२५ पर्यंत तेथे दहा संघांच्या मिळून वीस जागा होत्या. २०२६ पासून अकरावा संघ आल्याने त्या बावीस झाल्या. साऱ्या जगासाठी एवढ्याच. या पायरीखाली फॉर्म्युला टू, त्याखाली फॉर्म्युला थ्री, आणि सर्वांत खाली मुलांच्या छोट्या कार्ट गाड्यांच्या शर्यती. वरच्या पायरीवर जाण्यासाठी ‘सुपर लायसन्स’ लागते. त्याकरिता साधारणतः वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि तीन हंगामांत खालच्या स्पर्धांतून चाळीस गुण मिळवावे लागतात. एवढे करूनही जागा रिकामी असेलच असे नाही.

आपल्या राज्यातून या पायऱ्या सर्वांत उंच चढून गेलेला तरुण म्हणजे मुंबईचा जेहान दारूवाला. त्याचा जन्म १ ऑक्टोबर १९९८ चा. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने भारतभरातून होतकरू मुले निवडण्यासाठी शोधमोहीम घेतली. त्यातून निवडल्या गेलेल्या तीन मुलांत तेरा वर्षांच्या आतबाहेरचा जेहान होता. पुढची सारी वर्षे परदेशी गेली. २०१७ मध्ये त्याने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीच्या जागतिक मालिकेत तो तिसरा आला. २०२० मध्ये रेड बुलच्या तरुण चालकांच्या चमूत त्याची निवड झाली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला बहरीनमध्ये तो फॉर्म्युला टू शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. २०२२ मध्ये त्याने इटलीतील मॉन्झा येथील मुख्य शर्यत जिंकली. त्याच वर्षी मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीत बसून त्याने इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या मार्गावर चाचणीही दिली.

एवढे सारे करूनही फॉर्म्युला वनच्या शर्यतीतली जागा त्याला मिळाली नाही. २०२० मध्ये फॉर्म्युला टूमध्ये त्याच्याच संघात त्याच्या जोडीला जपानचा युकी त्सुनोडा होता. आदल्या वर्षी फॉर्म्युला थ्रीमध्ये जेहान तिसरा, तर त्सुनोडा नववा होता. पण २०२० मध्ये त्सुनोडाने फॉर्म्युला टूत तिसरे स्थान पटकावले आणि २०२१ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये दाखल झाला. २०२२ च्या अखेरीस जेहानची रेड बुलची साथ संपली. २०२४ मध्ये तो विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेत उतरला. तीही जागतिक दर्जाची स्पर्धा आहे, परंतु लहानपणी पाहिलेले स्वप्न ते नव्हे.

या खेळाला पैसा अफाट लागतो, हेही स्पष्ट सांगायला हवे. जेहान उद्योजकाच्या घरातला आहे. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च कोट्यवधी रुपयांत जातो. आजवर दोनच भारतीयांनी फॉर्म्युला वनची शर्यत केली आहे: २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन आणि २०१० मध्ये करुण चंढोक. आज बंगळुरूचा कुश मैनी त्या दाराशी पोहोचला आहे. मे २०२५ मध्ये त्याने मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवरील फॉर्म्युला टूची छोटी शर्यत जिंकली. साकोलीच्या किंवा पवनीच्या नातवाला हे गणित लपवून न ठेवता समजावून सांगितले, तर त्याचा अपमान होत नाही. उलट त्याला मोठ्या माणसासारखे वागवल्यासारखे होते.

बसून केलेले कष्ट

"गाडी तर इंजिन चालवते, माणूस नुसता बसलेला असतो," असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात शर्यतीच्या दीड-दोन तासांत चालकाच्या हृदयाचे ठोके बराच काळ मिनिटाला दीडशेच्या वर असतात. वेगवान वळणावर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर येतो. डोके आणि हेल्मेट मिळून सुमारे सहा किलो धरले, तर त्या क्षणी मानेला बाजूने तीस किलोचा भार तोलावा लागतो, आणि तोही एका फेरीत अनेकदा. फॉर्म्युला टूच्या गाडीला तर आपल्या घरच्या मोटारीसारखे पॉवर स्टिअरिंगही नसते. सारा जोर हात, खांदे आणि पाठ यांनाच लावावा लागतो.

म्हणून ही मुले रोज मानेचा व्यायाम करतात, पाय बळकट करतात, वेळेवर झोपतात, पाण्याचा हिशेब ठेवतात आणि डोळ्यांना व मेंदूला चपळ ठेवणारे खेळ खेळतात. हीच यादी सत्तरीतल्या माणसासाठी लिहायला सांगितली, तर कोणताही डॉक्टर जवळपास हीच लिहील. फरक फक्त मात्रेचा आहे.

मानेपासून आरंभ करू. खुर्चीवर ताठ बसावे. तळहात कपाळावर टेकवावा आणि डोके न हलवता कपाळाने हातावर हलका दाब द्यावा. पाच अंक मोजेपर्यंत थांबून सोडावे. असेच डोक्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना करावे. प्रत्येकी चार-पाच वेळा पुरे. श्वास रोखू नये, मान गरगरा फिरवू नये. चक्कर येत असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा मणक्याचा जुना त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

नंतर पाय. शर्यतीच्या चालकाला एक परीक्षा द्यावी लागते: सर्व पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेतून काही सेकंदांत स्वतः गाडीबाहेर पडून दाखवावे लागते. ते जमले नाही, तर शर्यतीत उतरता येत नाही. आपणही घरी अशी सोपी परीक्षा घेऊ शकता. भिंतीला टेकवलेल्या मजबूत खुर्चीवर बसावे, हात छातीशी बांधावेत आणि हातांचा आधार न घेता पाच वेळा उठून बसावे. जवळ कोणीतरी उभे असावे. या पाच उठबशांना साधारण पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, किंवा हाताशिवाय उठताच येत नसेल, तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजून डॉक्टरांशी बोलावे. जमत असेल, तर हाच व्यायाम रोज सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा करावा. स्वच्छतागृहातून, खाटेवरून, एसटीच्या आसनावरून स्वतःचे स्वतः उठता येणे हे म्हातारपणातले फार मोठे स्वातंत्र्य आहे.

कतारचा उष्मा आणि आपला वैशाख

८ ऑक्टोबर २०२३ रोजी कतारमध्ये रात्रीच्या वेळी झालेली फॉर्म्युला वनची शर्यत या खेळातील माणसे विसरणार नाहीत. हवा गरम आणि दमट होती. तरणेबांड, वर्षभर व्यायाम करणारे चालक त्या उष्म्याने हतबल झाले. लोगन सार्जंट या चालकाला शर्यत अर्धवट सोडावी लागली, एस्तेबान ओकॉनला चालत्या गाडीत उलटी झाली, आणि काहींना गाडीतून उतरल्यावर उभे राहणेही कठीण गेले. उष्ण शर्यतीत चालकाच्या शरीरातून घामावाटे दोन-तीन किलो वजन उतरते. या अनुभवानंतर नियम बदलले. आता उष्म्याचा निर्देशांक ३१ अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल, तर ‘उष्म्याचा धोका’ जाहीर होतो आणि गाडीत चालकाला थंडावा देणारी यंत्रणा बसवावी लागते. २०२५ मध्ये सिंगापूरच्या शर्यतीत प्रथमच असा इशारा देण्यात आला.

पंचविशीतल्या खेळाडूसाठी जग एवढी तजवीज करते. आपल्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिशीकडे झुकतो, आणि घरातली ऐंशी वर्षांची आजी पत्र्याच्या खोलीत "मला तहान नाही रे बाळा" म्हणत पडून असते. तिचे म्हणणे खोटे नसते. वयानुसार तहानेची जाणीवच मंदावते. शिवाय घाम कमी येतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर टाकतात. म्हणून वृद्धांनी तहानेची वाट पाहू नये. घड्याळाकडे पाहून पाणी प्यावे.

सेवा करणाऱ्यांनी सकाळी एक तांब्या किंवा बाटली भरून ठेवावी आणि ती किती रिकामी झाली हे दुपारी व संध्याकाळी पाहावे. ताक, पन्हे, तांदळाची पेज ही आपली जुनी पेये उत्तमच. जुलाब किंवा अतिघामामुळे अशक्तपणा आला, तर क्षार-संजीवनीची पुडी वापरावी. ती हाताशी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोटघोट द्यावे. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर दिवसाला किती पाणी घ्यायचे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मधुमेह असणाऱ्यांनी साखरेच्या पेयांबाबतही विचारून घ्यावे. लघवी गडद पिवळी होणे, जीभ कोरडी पडणे, उठताना भोवळ येणे ही पहिली चिन्हे आहेत.

अंग तापलेले आहे, माणूस असंबद्ध बोलतो आहे, ओळखत नाही किंवा बेशुद्ध पडला आहे, असे दिसल्यास तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी मारून वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत ओले गार कापड ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

चालकामागची माणसे

शर्यतीत गाडी चाके बदलण्यासाठी थांबते, तेव्हा वीसेक माणसे तिच्याभोवती सज्ज असतात. एक जण चाकाचा नट सोडवतो, दुसरा जुने चाक काढतो, तिसरा नवे बसवतो. पुढे-मागे दोघे गाडी उचलतात. प्रत्येकाला एकच काम, आणि कोणीही दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही. २०२३ मध्ये मॅक्लारेनच्या चमूने चारही चाके १.८० सेकंदांत बदलली. चालकाशी रेडिओवरून बोलणारा आवाजही साधारणतः एकच असतो.

या शिस्तीतून रुग्णालयेदेखील शिकली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या बाळाला अतिदक्षता विभागात नेताना होणाऱ्या चुका डॉक्टरांना सतावत होत्या. दोन विभागांतील माणसे एकाच वेळी बोलत, नळ्या जोडत आणि एखादी महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाई. तेथील डॉक्टरांनी फेरारी संघाच्या तंत्रज्ञांना आपली पद्धत दाखवली आणि त्यांच्या सूचनांवरून क्रम नव्याने बसवला: आधी यंत्रे जोडणे, मग शांतपणे माहिती देणे, शेवटी पुढचे नियोजन बोलणे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चुका आणि राहून जाणाऱ्या गोष्टी दोन्ही घटल्याचे दिसले.

आपल्या घरात अशी बदली रोज होते. मुलगा शाळेत किंवा कचेरीत निघतो, सून शेतावरून परतते, संध्याकाळी बहीण येते. या अदलाबदलीतच गोळी दोनदा दिली जाते किंवा मुळीच दिली जात नाही. म्हणून एक वही घालावी. सकाळची कोणती गोळी दिली, किती वाजता दिली, जेवण किती झाले, शौच-लघवी कशी, काही वेगळे जाणवले का, या पाच गोष्टी तीत लिहाव्यात. जाणाऱ्याने येणाऱ्याला त्या वाचून दाखवाव्यात आणि येणाऱ्याने ऐकलेले परत बोलून दाखवावे. दोन मिनिटांचे काम आहे.

तसेच, वृद्ध माणसाला एका वेळी चौघांनी सूचना देऊ नयेत. "उठा, हळू, काठी घ्या, चप्पल घाला" असा गलका झाला की ते गोंधळतात आणि मग आपण त्यांनाच हट्टी ठरवतो. आवाज एकच असावा, आणि तो शांत असावा.

सेवा करणाऱ्याला आणखी एक सांगणे आहे. गाडी थांबल्याशिवाय तिची चाके बदलता येत नाहीत. आपणही आठवड्यातून काही तास थांबा. शेजारीण, भाऊ, भाची यांच्यापैकी कोणाला तरी तेवढा वेळ बसायला सांगा. मदत मागण्यात कमीपणा नाही. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ ही शासकीय हेल्पलाइनही आहे.

हुकलेली जागा

जेहानसारख्या मुलाची गोष्ट आपल्या घरात वेगळ्या वेशात घडते. पोलीस भरतीत धावण्यात दोन गुण कमी पडतात, वैद्यकीय प्रवेशाची यादी एका नावावर थांबते, शासकीय नोकरीची प्रतीक्षा-यादी वर्षभराने रद्द होते. मूल मेहनतीत कमी पडले असे नाही. जागाच थोड्या होत्या. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द फार खोल जातो.

"त्याला मिळाली, तुला का नाही?" हा प्रश्न विचारू नये. "देवाच्या मनात होते" म्हणून लगेच विषय मिटवूही नये. जवळ बसावे, त्याला बोलू द्यावे, आणि आपल्या आयुष्यातली एखादी हुकलेली जागा प्रांजळपणे सांगावी. ज्याच्यापुढे आजोबा आपले अपयश उघड करतात, त्या मुलाला आपले अपयश लपवण्याची गरज उरत नाही. २०१९ मध्ये फॉर्म्युला थ्रीत पहिले तीन आलेले तिघेही, श्वार्ट्समन, आर्मस्ट्राँग आणि दारूवाला, फॉर्म्युला वनचे नियमित चालक झाले नाहीत. पण श्वार्ट्समन आणि आर्मस्ट्राँग पुढे अमेरिकेतील इंडीकारमध्ये उतरले, दारूवाला फॉर्म्युला ईत. एक दार बंद झाले म्हणून तिघांपैकी कोणाचेही आयुष्य तेथेच थांबले नाही.

मात्र मूल जेवत नसेल, झोपत नसेल, माणसांत येईनासे झाले असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर ते केवळ नैराश्याचे दिवस समजून वाट पाहू नये. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो. तेथे मराठीतही बोलता येते. डॉक्टरांकडे नेणेही लांबवू नये.

आणि ज्या नातवाला खरोखरच वेगाची ओढ आहे, त्याला रस्त्यापासून दूर ठेवण्याचा उपाय म्हणजे नुसती बंदी नव्हे. मुंबई-कोलकाता महामार्गावर रात्री दुचाकी पळवणे म्हणजे शर्यत नव्हे, हे त्याला त्याच्याच नायकांच्या उदाहरणातून सांगा. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमध्ये रोमां ग्रोजाँ याची गाडी कठड्यावर आदळून दुभंगली आणि पेटली. सुमारे अर्ध्या मिनिटात तो ज्वाळांतून चालत बाहेर आला, हात भाजले तेवढेच. डोक्यावरचे संरक्षक कडे, हेल्मेट, मानेचा आधार, आगरोधक कपडे आणि पळत आलेले वैद्यकीय पथक यांनी त्याला वाचवले. जगातील सर्वांत वेगवान माणसे हेल्मेटची लाज बाळगत नाहीत. हेल्मेट नातवालाही हवे, आणि त्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या आजीलाही हवे. कायदाही मागे बसणाऱ्याला सूट देत नाही.

किल्ली खाली ठेवण्याचा दिवस

आतापर्यंत जागा मिळवण्याविषयी बोललो. आता अवघड भाग. जागा सोडण्याविषयी.

आपण चाळीस वर्षे स्कूटर चालवली असेल. तिच्यावरून मुलांना शाळेत सोडले, खताची पोती आणली, पत्नीला दवाखान्यात नेले. आता मुलगा म्हणतो, "बाबा, गाडी नका चालवू." त्या वाक्यात त्याला काळजी ऐकू येते, आपल्याला मात्र निवृत्तीचा दुसरा आदेश ऐकू येतो. हा राग समजण्यासारखा आहे. तरीही काही गोष्टी शांतपणे तोलून पाहाव्यात.

ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे चौदा मीटर पुढे जाते. ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद अधिक लागला, तर सात मीटर अधिक, म्हणजे जुंपलेल्या बैलगाडीच्या लांबीएवढे अंतर. वयानुसार हा अर्धा सेकंद नकळत वाढत जातो. मोतीबिंदूमुळे रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, काचबिंदूमुळे बाजूचे दिसेनासे होते, मान वळत नसल्याने मागून येणारा ट्रक उशिरा कळतो. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. मधुमेहाच्या औषधांनी साखर अचानक उतरू शकते.

पुढील खुणा दिसल्यास थांबून विचार करावा: ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, गाडीवर नवे ओरखडे पडणे, इतर वाहनांचे भोंगे वारंवार ऐकावे लागणे, वळणावर किंवा थांबताना तोल जाणे, आणि घरच्यांनी आपल्यामागे बसण्यास टाळाटाळ करणे. यांतल्या शेवटच्या खुणेकडे आपण हमखास दुर्लक्ष करतो.

सारे एका दिवसात सोडण्याची गरज नसते. प्रथम रात्रीचे चालवणे बंद करावे, मग महामार्ग, मग पावसाळ्यातले आणि बाजाराच्या गर्दीतले. वर्षातून एकदा डोळे तपासावेत. कायद्यानेही वयाच्या पंचावन्ननंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि चाळिशीनंतर त्यासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते प्रमाणपत्र उपचारापुरते न मागता डॉक्टरांना मनापासून विचारावे, "मी चालवू का?"

मुलांनाही एक विनंती आहे. किल्ली लपवू नका. भांडणात हा विषय काढू नका. आधी पर्याय उभा करा, मग बोला. दवाखान्याचा दिवस, बाजाराचा दिवस, भजनाचा गुरुवार या तीन फेऱ्यांची सोय कोण करणार हे ठरवून वडिलांपुढे बसा. वडिलांना गाडीपेक्षाही मनाला येईल तेव्हा घराबाहेर पडण्याची मोकळीक हवी असते. ती टिकली, तर किल्ली सोडणे सुसह्य होते.

जुन्या पटातले धुरकरी असेच थांबत. ज्या वर्षी हाताला वेसणीचा अंदाज येईना, त्या वर्षी जोडी तरुणाच्या हाती जाई. पण म्हातारा धुरकरी पटावर येणे थांबवत नसे. कोणत्या बैलाला डावीकडे जुंपायचे, कोणाला सुटण्याआधी थोपटायचे, हे त्यालाच ठाऊक असे. तरुण धुरकरी जोडीवर बसण्याआधी त्याच्याकडे एकदा पाही.

आपल्या घरातही आज संध्याकाळी हे करून पाहता येईल. नातवाला जवळ बोलवा, त्याच्या मोबाइलवरची ती शर्यत त्याच्यासोबत अर्धा तास पाहा, आणि त्याने विचारले तर आपल्या पटाची गोष्ट सांगा. मध्ये पाण्याचा पेला आठवणीने रिकामा करा. आणि पुढच्या वेळी बाजारात जायचे असेल, तेव्हा स्कूटरची किल्ली त्याच्या वडिलांच्या हाती देऊन, हेल्मेट डोक्यावर चढवून, मागच्या आसनावर निवांत बसा.